माहेरचे बाळंतपण आणि लसींचे कार्ड

पुण्या-नाशिकहून लेकी आजही बाळंतपणासाठी बडोद्याला माहेरी येतात. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी यांची सिद्धता आधीच झालेली असते; बाळाच्या लसी मात्र 'सासरी गेल्यावर पाहू' म्हणून लांबणीवर पडतात. हे बरे नव्हे. जन्मतःच्या लसींनंतरच्या तीन खेपा सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत येतात. म्हणजे सव्वा महिना उलटताच, लेक माहेरी असतानाच. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांपासून तान्ह्याचे रक्षण याच खेपांनी होते.

अंगणवाडीतील 'ममता दिवस' आपल्यासारख्यांसाठी नव्हे, असा समज आपल्या घरांत आहे (तो कोठून आला कोण जाणे!). वास्तविक अंगणवाडीची योजना १९७५ साली देशातील ज्या ३३ ठिकाणी प्रथम सुरू झाली, त्यांत तेव्हा आपल्याच जिल्ह्यात असलेले छोटा उदेपूर होते. तेथील लस सर्वांना विनामूल्य मिळते. सासर परराज्यात असले तरी अडत नाही. एखादी खेप हुकल्यास पुन्हा पहिल्यापासून आरंभ नको. राहिलेली तेवढी द्यावी. गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात, बहुधा सासरी येते. तेव्हा पाठवणीच्या वेळी बाळंतविड्याबरोबर ते कार्डही आठवणीने लेकीच्या हाती द्यावे.