क्रमांक मिळाला, नोंदीचे काय?

आमच्या सुप्याचा रुग्ण पहिली तपासणी गावात करतो, पुढच्या उपचारांसाठी अहिल्यानगरला जातो आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर पुणे गाठतो. रोगी एकच, पण त्याची माहिती तीन ठिकाणी विखुरलेली. तिला जोडणारा दुवा म्हणजे घरातली कागदांची पिशवी! त्यातला नेमका एक कागद हरवला, तर या माणसाला पेनिसिलीन सोसत नाही हे नव्या डॉक्टरांना कसे कळावे?

हा दुवा पक्का व्हावा म्हणून केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यात नागरिकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. तो घेणे ऐच्छिक आहे. सर्वांचे कागद एकाच मोठ्या संगणकात साठवायचे, अशी ही योजना नाही. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते. रुग्णाने संमती दिली, की दुसऱ्या डॉक्टरांना ती पाहता येते.

योजना चांगली आहे. पण माझ्या मते क्रमांक देणे हा तिचा सोपा भाग आहे. अवघड आहे ती नोंद.

पदार्थविज्ञानाच्या उत्तरात नुसते ‘लांबी ५’ लिहिले तर गुण जातात. पाच काय? मीटर की सेंटिमीटर? रक्तातील साखर आपल्याकडे डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये लिटरमागे मिलिमोलमध्ये. आपले १२६ म्हणजे तिकडचे ७! एककांच्या अशाच घोटाळ्यामुळे १९९९ साली मंगळाजवळ पोहोचलेले नासाचे यान नष्ट झाले. शब्दांचेही तसेच. ‘मधुमेह’, ‘शुगर’ आणि ‘डायबेटिस’ आपल्याला एकच. संगणकाला मात्र ते शिकवावे लागते. म्हणूनच आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये अशा नोंदींची मानके ठरवली व २०१६ मध्ये ती सुधारली. ती पाळली नाहीत आणि चिठ्ठीचे नुसते छायाचित्र संगणकात घातले, तर पिशवीच्या जागी संगणक आला, एवढेच होईल.

दुसरा प्रश्न संमतीचा. आजीला काही न सांगता तिच्या मोबाइलवर दुसऱ्याच कोणी बटण दाबले, तर ती आजीची संमती कशी? कोणती माहिती, कोणाला आणि किती दिवस दाखवायची, हे तिला तिच्या बोलीत सांगणारे माणूस हवे. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्यप्रकल्प सुरू केला आणि फारसे शालेय शिक्षण नसलेल्या स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले. गावातले माणूस हे काम करू शकते, याचा हा पुरावा आहे. तेव्हा यंत्रांइतकाच खर्च अशा माणसांवरही झाला पाहिजे.

तुम्हीही एक काम करा. घरातले तपासणीचे कागद तारखेप्रमाणे लावा, प्रत्येक आकड्यापुढे एकक आहे का ते पाहा आणि औषधांच्या ॲलर्जीची नोंद सर्वांत वर ठेवा. मात्र ज्याचे कागद असतील, त्याला आधी विचारा.