अपिलात जा, पण पैसे आधी कोर्टात ठेवा

प्रति,
चर्च ऑफ सायंटॉलॉजी इंटरनॅशनल आणि रिलिजस टेक्नॉलॉजी सेंटर यांचे पदाधिकारी,
लॉस एंजेलिस, कॅलिफोर्निया.

महोदय,

तुमचे माजी सभासद लॅरी वोलर्शाइम कोण, हे तुमच्या वकिलांना नव्याने सांगायला नको. त्यांनी तुमच्या संस्थेवर दावा लावला १९८० मध्ये. त्यांचे पैसे कोर्टात जमा झाले ९ मे २००२ रोजी. पहिली सहा वर्षे दावा उभा राहण्यात गेली, ती सोडून देतो. उरलेली सोळा वर्षे मात्र निकाल त्यांच्या हातात असताना गेली. या पत्रातून जाब विचारायचा आहे तो त्या सोळा वर्षांचा.

२२ जुलै १९८६ रोजी लॉस एंजेलिसच्या ज्युरीने तीन कोटी डॉलर द्यायला सांगितले. पन्नास लाख नुकसानभरपाईचे, अडीच कोटी दंडात्मक. सुनावणी पाच महिने चालली होती. मनाची अवस्था बिघडत असतानाही या माणसाची ‘ऑडिटिंग’ची, म्हणजे तुमच्या पंथातल्या समुपदेशनाची, सत्रे कशी चालू ठेवली, तुमच्या जहाजावरून निघून जाऊ पाहत असताना त्यांना कसे अडवले, घरच्यांशी संबंध तोडायला कसे भाग पाडले आणि बाहेर पडल्यावर त्यांचा धंदा कसा मोडला, हे सगळे ज्युरीसमोर आले. धर्मस्वातंत्र्याचा तुमचा बचाव अपील न्यायालयाने १९८९ मध्ये तपासला आणि स्पष्ट सांगितले की, धाकदपटशाने लादलेल्या गोष्टीला ते संरक्षण मिळत नाही. तो वाद तिथे संपला. पैशाचा संपला नाही.

त्याच निकालात रक्कम पंचवीस लाखांवर आली. पाच लाख भरपाई, वीस लाख दंड. ही कपात का झाली? न्यायालयासमोर चर्च ऑफ सायंटॉलॉजी ऑफ कॅलिफोर्निया या एका कंपनीची निव्वळ मालमत्ता होती १ कोटी ६० लाख डॉलर. दंडात्मक रक्कम त्या मालमत्तेच्या दीडपट ठरत होती, म्हणून ती अवाजवी मानली गेली. न्यायालयाने समोर होता त्या आकड्यावर हिशोब केला. तो आकडा एका कंपनीचा होता. १९८१-८२ मध्येच तुम्ही संस्थेची नव्याने मांडणी केली होती आणि त्यातूनच तुम्ही दोघे जन्माला आलात. पंथ एक, शिकवण एक, कारभार एक, पण दाव्यात सापडलेली कंपनी तेवढी वेगळी.

आता पुढचे आकडे. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकन आयकर खात्याने तुम्हाला करमाफी दिली. त्या वेळी खात्याकडे दिलेल्या कागदपत्रांवरून वर्तमानपत्रांनी छापले की, तुमची मालमत्ता सुमारे ४० कोटी डॉलर आहे आणि वर्षाची मिळकत जवळजवळ ३० कोटी. करमाफीच्या त्या तडजोडीत तुम्ही सरकारला १ कोटी २५ लाख डॉलर दिले. आणि पाचच महिन्यांनी, मार्च १९९४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वोलर्शाइम प्रकरणातले तुमचे अखेरचे अपील ऐकायला नकार दिला. पंचवीस लाखांचा निकाल कायम झाला.

पंचवीस लाख म्हणजे तुमची तीन दिवसांची मिळकत. तुमच्या मालमत्तेच्या शेकडा एक भागही नाही. सरकारला एका तडजोडीत दिले त्याचा पाचवा हिस्सा. तरीही ज्या कंपनीच्या नावावर निकाल होता, तिच्याकडून पैसा निघेना. निकाल रद्द व्हावा म्हणून तुम्ही उलट दावा लावला. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने तो दावा लोकांना गप्प बसवण्यासाठी लावल्या जाणाऱ्या दाव्यांत मोडतो असे ठरवले. १९९७ मध्ये तुम्हा दोन्ही संस्थांची नावे ऋणको म्हणून निकालपत्रात घालावी लागली, कारण न्यायालयाच्या मते तुम्ही त्या कंपनीहून वेगळे नव्हतात. त्यानंतरही पाच वर्षे लागली. शेवटी तुम्ही भरले ८६,७४,६४३ डॉलर. कॅलिफोर्नियात निकालाच्या रकमेवर वर्षाला १० टक्के व्याज चढते. आधी भरले असते तर तिप्पट-चौपट भरावे लागले नसते. म्हणजे अडचण पैशाची कधीच नव्हती.

माणसांचीही नव्हती. नोव्हेंबर १९८५ मध्ये याच दाव्यात दाखल झालेले तुमच्या गुप्त शिकवणीचे कागद लोकांना पाहायला खुले झाले, तेव्हा तुमचे सुमारे १,५०० सभासद सकाळीच कोर्टाच्या तीन मजल्यांवर दाटीवाटीने उभे राहिले आणि दुसऱ्या कोणाच्या हाती ते लागू नयेत म्हणून झेरॉक्सच्या अर्जांचा ढीग कारकुनांपुढे लावला. निकालानंतर कोर्टाबाहेर घोषणा घुमल्या की, वोलर्शाइमला एक छदामही मिळणार नाही. अपील प्रलंबित असताना निकालाला तारण म्हणून तुमच्या अनुयायांनी जगापुढे ठेवली ती ही घोषणाच.

कायदा मात्र घोषणा मागत नाही, रोकड मागतो. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९१७.१ तुम्हाला पाठ असेल. पैशाच्या निकालाची वसुली अपिलात थांबवायची तर विमा कंपनीची हमी असल्यास रकमेच्या दीडपट, नसल्यास दुप्पट जामीन. मूळ निकालावर हे होतात साडेचार किंवा सहा कोटी डॉलर. कपात झाल्यानंतरच्या निकालावर साडेसदतीस किंवा पन्नास लाख. जामिनातून सूट देण्याचीही तरतूद आहे, पण ती खरोखर कंगाल असलेल्या पक्षकारासाठी. १९८७ मध्ये टेक्सासच्या अशाच जामिनाच्या नियमाने टेक्साको या बलाढ्य तेल कंपनीला दिवाळखोरीच्या दारात नेले. तेल कंपनीला जे सोसावे लागले, त्यातून देवाधर्माच्या नावाने सूट कशी मागता येईल?

अपिलाचा हक्क तुमचा आहे आणि तो कोणी काढून घेऊ नये. पण जिंकलेल्या माणसाचाही एक हक्क आहे. अपील संपेल त्या दिवशी पैसा जागेवर असायला हवा. तो नसेल तर अपील हे न्याय मागण्याचे साधन राहत नाही, समोरच्याला म्हातारा करण्याचे साधन होते. आमच्याकडे दिवाणी कोर्टात चार वर्षे काढलेला कोणीही सांगेल की, डिक्री मिळवणे सोपे आणि दरखास्त निभावणे कठीण. म्हणूनच आमच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४१ स्थगिती मागणाऱ्याला रक्कम भरायला किंवा तारण द्यायला सांगतो. पण तारण ठरवायचे तर आधी मालमत्ता कळायला हवी. महाराष्ट्रात गावातल्या छोट्या देवस्थानाचा ट्रस्टही १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांना हिशोब देतो. अमेरिकेत चर्चला आयकर खात्याच्या वार्षिक विवरणपत्रातून सूट आहे. ज्याची मालमत्ताच कळत नाही, त्याच्याकडून पुरेसे तारण मागायचे तरी कसे?

हा प्रश्न जुना झालेला नाही. माजी सभासदांनी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये लावलेल्या दाव्यात जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की, पंथ सोडून गेलेल्यांना, सोडल्यानंतरच्या छळाबद्दल, तुमच्या धार्मिक लवादापुढे ढकलता येणार नाही. म्हणजे असे दावे पुन्हा ज्युरीपुढे जाणार. निकाल कोणाच्या बाजूने लागतील ते ज्युरी ठरवेल. माझी मागणी त्याआधीची आहे.

एक : कोणत्याही निकालाविरुद्ध अपील करताना तुमच्या सर्व कंपन्यांनी एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदारी घेतल्याचा हमीरोखा कोर्टात द्यावा. दोन : ज्या संस्थेवर निकाल आहे तिची आणि तिच्याशी जोडलेल्या सगळ्या संस्थांची मालमत्ता शपथेवर उघड करावी. तीन : अपील संपल्यावर तीस दिवसांत पूर्ण रक्कम चुकती व्हावी.

यातले काहीही तुम्हाला परवडणार नाही असे नाही, हे १९९३ चे तुमचेच कागद सांगतात. आणि तुम्ही हे आपण होऊन केले नाही, तर पुढच्या प्रत्येक न्यायाधीशाने स्थगितीच्या अर्जावर सही करण्याआधी वोलर्शाइम प्रकरणाच्या सोळा वर्षांचा हिशोब तुमच्या वकिलांकडून मागून घ्यावा.

एक नागरिक