चौतिसावा प्रश्न कोण विचारणार?

घरात इंटरनेटची सोय आहे काय? लॅपटॉप अथवा संगणक आहे काय? टेलिफोन, मोबाईल, स्मार्टफोन आहे काय? २०२७ च्या जनगणनेसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२६ मध्ये घरयादीचे जे ३३ प्रश्न अधिसूचित केले, त्यांत हे तीन प्रश्न आहेत. रेडिओ, टीव्ही, सायकल आणि मोटार यांच्याच रांगेत ते बसवले आहेत. घरात माणसे किती आणि कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा, जमातीचा की अन्य, हेही त्याच यादीत आहे. इथपर्यंत आमची तक्रार नाही. परंतु इंटरनेट चालणारी यंत्रे त्या घरात किती आणि ती कोणाच्या हातात, हा प्रश्न त्या ३३ मध्ये नाही. एक फोन आणि सहा माणसे असलेले घर व दहा यंत्रे आणि तीन माणसे असलेले घर, या दोघांचेही इंटरनेटच्या प्रश्नाला उत्तर एकच पडते : आहे! विषमता झाकायला याहून सोयीचा शब्द दुसरा नाही.

आमच्या कोल्हापुरातच पाहा. ताराबाई पार्कातल्या किंवा नागाळा पार्कातल्या एखाद्या सुखवस्तू घरातील यंत्रे मोजायला घेतली तर हाताची बोटे पुरत नाहीत. माणशी एक फोन, साहेबांचा लॅपटॉप, मुलाचा लॅपटॉप, मुलीचा टॅब, भिंतीवरचा स्मार्ट टीव्ही, मनगटावरचे घड्याळ, दारावरचा कॅमेरा आणि या सर्वांना पोसणारा वायफायचा डबा. आता शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा बाप, चार घरची धुणीभांडी करणारी आई आणि शिकणारी तीन लेकरे असे दोन खोल्यांचे घर घ्या. स्मार्टफोन एक. तो सकाळी बापाच्या खिशातून कारखान्यात जातो, कारण ठेकेदाराचा निरोप त्यावरच येतो. रात्री तो घरी येतो तेव्हा त्याची बॅटरी संपलेली असते, दिवसाचा डेटा संपत आलेला असतो आणि तीन लेकरे त्याची वाट पाहत असतात. सरकारच्या वहीत मात्र ही दोन्ही घरे इंटरनेटवाली!

आकडे वाढले, हे आम्ही नाकारत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत इंटरनेटची सोय असलेली घरे ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के होती. त्याच खात्याच्या २०२५ च्या दूरसंचार पाहणीत देशातील ८५.५ टक्के घरांत किमान एक स्मार्टफोन आणि ८६.३ टक्के घरांत इंटरनेट असल्याचे आढळले. आठ वर्षांत झालेला हा बदल मोठा आहे. पण ‘किमान एक’ या दोन शब्दांतच सारी मेख आहे. शिवाय फोन म्हणजे संगणक नव्हे. २०१७-१८ च्या पाहणीत संगणक असलेली घरे ग्रामीण भागात अवघी चार टक्के होती आणि शहरात २३ टक्के. फोनवर व्हिडिओ पाहता येतो. पण प्रकल्प अहवाल लिहिणे, प्रोग्रॅमिंग शिकणे किंवा संगणकावरच्या परीक्षेचा सराव करणे ही कामे हाताएवढ्या काचेवर नीट होत नाहीत.

मजेची गोष्ट अशी की, जो व्यापारी आहे तो हा हिशेब बरोबर करतो. सिस्को या अमेरिकन कंपनीने २०२० साली अंदाज मांडला होता की, २०२३ पर्यंत जगात माणशी ३.६ आणि उत्तर अमेरिकेत माणशी १३.४ जोडलेली यंत्रे असतील. माल विकणारी कंपनी माणसे मोजते. कल्याणकारी म्हणवणारे राज्य मात्र दरवाजे मोजून थांबते. हेच राज्य २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य देते. घरात एक भाकरी आहे म्हणजे सर्वांचे पोट भरले, असे रेशनच्या बाबतीत कोणी म्हणत नाही. मग घरात एक फोन आहे म्हणजे सर्व लेकरे शिकली, असे इंटरनेटच्या बाबतीत का मानायचे?

याचा निकाल कोरोनाच्या काळात लागलेला आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण ऑनलाइन गेले. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत, दुबळ्या वस्त्यांतील सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागातील अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांपैकी फक्त ४ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती. इतर ग्रामीण मुलांत हे प्रमाण १५ टक्के होते. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. ज्या घरांत स्मार्टफोन होता, त्या घरांतीलही नियमित ऑनलाइन शिकणारी मुले शहरात ३१ टक्के आणि गावात १५ टक्केच निघाली. एक मोठे कारण हेच की, फोन कमावत्या माणसाबरोबर कामावर जात होता. घरात यंत्र असणे आणि लेकराच्या हातात यंत्र असणे यांतले अंतर याहून स्पष्ट कोणी दाखवायचे?

आणि जिथे यंत्र एकच असते, तिथे रांग लागते. त्या रांगेत मुलगी शेवटी उभी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के आढळले. घर मोजले की ही तफावत नाहीशी होते. माणूस मोजला की ती डोळ्यांपुढे उभी राहते. सावित्रीमाईंचे नाव घेणाऱ्या आपल्या घरांतही फोनची रांग कशी लागते, हे प्रत्येकाने पाहावे.

काही विद्वान म्हणतील, गरिबाला कशाला हवीत इतकी यंत्रे? आमचा उलट सवाल आहे : सरकारने कोणते काम फोनविना ठेवले आहे? मागासवर्गीय विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन. अभियांत्रिकी, औषधनिर्माण शास्त्र यांच्या प्रवेशफेऱ्या ऑनलाइन. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाली, तिलाही मोबाईलवर येणारा ओटीपी लागला. अर्जाची शेवटची तारीख आणि फोन रिकामा असण्याची वेळ जुळली नाही तर विद्यार्थी नेट कॅफेत जातो, तिथे पैसे मोजतो आणि आपल्या कागदपत्रांचा व पासवर्डचा ताबा परक्याला देऊन येतो. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी मोबाईल कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. एका फोनचे रिचार्ज करताना ज्यांच्या नाकी नऊ येतात, त्यांनी तीन लेकरांना तीन फोन कुठून द्यायचे?

गावात नुसते यंत्र आणून ठेवले म्हणजे ते सर्वांचे होत नाही, हा धडा आमच्या जिल्ह्याने देशाला फार पूर्वी दिला आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभी राहिली. शेती, आरोग्य, शिक्षण यांची माहिती खेड्यात पोचवण्याची भाषा होती. व्यवहारात ही केंद्रे मुख्यतः उसाच्या नोंदी, वजन आणि खताचा हिशेब यांसाठी वापरली गेली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले आणि ते भागलेही. कारखान्याच्या सभासदाला त्याचा फायदा झाला, हे चांगलेच. पण ज्याच्या नावावर गुंठाभर ऊस नाही, त्या भूमिहीनाच्या लेकराचे त्या संगणकापुढे काम काय होते? यंत्र गावात आले. ज्याची जमीन, त्याचेच झाले.

याच कोल्हापूरने दुसराही धडा दिला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. परंतु शाळा उघडली म्हणजे पोर शिकले, असे मानणारा हा राजा नव्हता. मुलाला राहायला जागा, खायला अन्न आणि अभ्यासाला दिवा नसेल तर शाळेचा उपयोग नाही, हे त्यांना कळत होते. म्हणून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. ‘घरात दिवा आहे काय’ एवढे विचारून महाराज थांबले नाहीत. शिकणाऱ्या पोराला दिवा मिळतो की नाही, ते त्यांनी पाहिले.

हक्क कागदावर असणे आणि हाताला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना कोणी शिकवायला नको. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील फोनबंदीविरुद्ध लढणाऱ्या फहिमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग ठरवला. हा ठराव झाला. तळ्यावर जाणे बाकी आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जनगणनेत जमलेली इंटरनेट आणि संगणकाची माहिती अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतंत्र तक्त्यांत जाहीर करा. शिकणाऱ्या प्रत्येक लेकरामागे किती यंत्रे, याची मोजणी राज्य सरकारने शाळांमार्फत करावी. महाज्योती संस्थेने स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या ओबीसी, भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना टॅब आणि इंटरनेट डेटा दिला. म्हणजे मनात आणले तर सरकार विद्यार्थ्याच्या हातात यंत्र देऊ शकते. हा नियम प्रत्येक शासकीय वसतिगृहाला आणि शिष्यवृत्तीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला लागू करा. पैसा नाही, हे आम्हाला सांगू नका. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवताना पैसा बरा सापडला!

गावपातळीवर तर मुंबईची वाट पाहण्याचेही कारण नाही. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचा १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने सेसचा २० टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. तो निधी कुठे जातो, हे ग्रामसभेत विचारा. समाजमंदिराला दरवर्षी रंग आणि फरशी देण्याऐवजी तिथे चार संगणक, एक वायफाय आणि रात्री दहापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका मागा. माणगावपासून चंदगडपर्यंत असे एक तरी विहार प्रत्येक गावात उभे राहिले पाहिजे. आज मिस क्लार्क वसतिगृहाचा वारसा चालवायचा तो असा.

आणि थोडे काम समाजाचेही आहे. बाबासाहेबांमुळे नोकरीला लागलेल्या कुटुंबांच्या कपाटात एखादा जुना पण चालू लॅपटॉप पडून असतो. त्याची जागा विहारात आहे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा आवाजाच्या भिंतींतून काढून अभ्यासिकेच्या इंटरनेट बिलाला द्यावा. वस्तीतल्या पदवीधर तरुणांनी वही-पेन घेऊन घरोघर जावे आणि लिहावे : या घरात शिकणारे किती, यंत्रे किती, त्यांतली मुलीच्या हातात किती तास. एका रविवारी एक वस्ती होते. ती वही घेऊन आमदाराच्या, आयुक्तांच्या, समाजकल्याण अधिकाऱ्यांच्या दारात जाता येते. आकडा हातात असलेल्या माणसाला ‘बघू, करू’ म्हणून परत पाठवणे अवघड जाते.

सरकारने ३३ प्रश्न ठरवले. चौतिसावा आपल्याला ठरवायचा आहे, विचारायचा आहे आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत सरकारला सोडायचे नाही.

जय भीम!