पाना कुणाच्या हातात?

‘ताई, साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो,’ गॅरेजवाला म्हणाला. म्हटलं, राहू दे! बाबांच्या जुन्या येझदीचं इंजिन मी घरीच, मागच्या ओसरीवर उघडलं. टू-स्ट्रोक, म्हणजे व्हॉल्व्हची भानगड नाही. सिलिंडर उचलला तर आत उभे ओरखडे, एक रिंग जाम. लेथवाल्याकडून रिबोअर करून आणलं, मापाचा मोठा पिस्टन घेतला. रिंगची टोकं खाचेतल्या बारीक पिनेशीच जुळवावी लागतात, नाहीतर ती पोर्टमध्ये अडकून तुटतात. तेवढ्यातच दोन संध्याकाळी गेल्या.

कुकरची गॅस्केट, मिक्सरचं कपलर, शिलाई मशीनचं टेन्शन आपण बायका रोज सांभाळतो. त्याला कुणी ‘दुरुस्ती’ म्हणतं का? बाबा गाडी उघडायचे तेव्हा दादा शेजारी पाना धरून बसायचा, मी चहा घेऊन उभी. अक्कल कमी नव्हती हो, पाना मिळाला नव्हता.

सातव्या किकला गाडी धूर ओकत सुरू झाली. शेजारच्या काकांनी आमच्या ह्यांना विचारलं, ‘कुणाकडून करून घेतलंत?’

आता ओसरीवर लेक बसते. पहिल्याच दिवशी तिनं एक वायसर हरवला. शोधतोय दोघी.