उत्तराला गुण, रीतीला शून्य

मार्च २०२४ मध्ये वानखेडे मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाचा १६९ धावांनी पराभव केला. त्यानंतर आपल्या भागात, चहाच्या टपरीपासून शिक्षककक्षापर्यंत, एक निवाडा अनेकांच्या तोंडून ऐकावयास मिळाला. नाणेफेक जिंकूनही कर्णधार अक्षय वाडकर याने मुंबईला प्रथम फलंदाजी दिली, आणि सामना तेथेच हातचा गेला, असा तो निवाडा. तो देणाऱ्यांत गणिताचे शिक्षकही होते, हे विशेष. उत्तरपत्रिका तपासताना हेच शिक्षक रीत बरोबर असेल तर शेवटचे उत्तर चुकले तरी गुण देतात, आणि रीत न दाखवता नुसते उत्तर लिहिणाऱ्याकडे संशयाने पाहतात. क्रिकेटच्या मैदानापाशी आले की मात्र हा विवेक आपण सारेच घरी ठेवून येतो.

वस्तुस्थिती काय होती? वाडकरने क्षेत्ररक्षण स्वीकारले आणि त्याच्या गोलंदाजांनी मुंबईची अवस्था एका टप्प्यावर ६ बाद १११ अशी केली. शार्दूल ठाकूरच्या ७५ धावांमुळे मुंबई कशीबशी २२४ पर्यंत पोहोचली. देशात सर्वाधिक वेळा हा करंडक जिंकणाऱ्या संघाला, त्याच्याच मैदानावर, पहिल्याच दिवशी सव्वादोनशेच्या आत गुंडाळणे याहून अधिक फळ त्या निर्णयाकडून कोणी मागावे? पुढे विदर्भाचा डाव १०५ धावांत आटोपला, मुंबईने दुसऱ्या डावात ४१८ धावा केल्या आणि ५३८ धावांचे जवळजवळ अशक्य लक्ष्य विदर्भापुढे ठेवले. त्याचा पाठलाग करताना खुद्द वाडकरने शतक काढले आणि संघाने ३६८ पर्यंत मजल मारली. घसरण झाली ती फलंदाजीत. दोष मात्र नाणेफेकीच्या निर्णयाच्या माथी लागला.

वर्षभराने चित्र उलटे झाले. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस नागपूरजवळील जामठा येथे विदर्भ आणि केरळ समोरासमोर आले. या वेळी नाणेफेक केरळच्या सचिन बेबीने जिंकली आणि त्यानेही प्रतिपक्षाला फलंदाजी दिली. विदर्भाचे ३ गडी २४ धावांत बाद झाले. त्या क्षणी सचिन बेबी शहाणा ठरला होता. मग दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी चौथ्या गड्यासाठी २१५ धावा जोडल्या, विदर्भाने ३७९ धावा केल्या, केरळचा डाव ३४२ वर संपला, आणि सामना अनिर्णित राहूनही पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक पटकावला. सकाळी शहाणा असलेला कर्णधार पाचव्या दिवशी वेडा कसा ठरला? त्याचा निर्णय तर बदललेला नव्हता. बदलले ते त्यानंतरचे क्रिकेट.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केरळ या अंतिम सामन्यात पोहोचले ते उपांत्य सामन्यात गुजरातवर मिळविलेल्या अवघ्या २ धावांच्या आघाडीमुळे. गुजरातच्या अखेरच्या फलंदाजाने मारलेला चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये उभ्या असलेल्या सचिन बेबीच्या हाती विसावला. तो चेंडू वीतभर वरून गेला असता तर कदाचित केरळची सारी मोहीम अहमदाबादेतच संपली असती, आणि तेथील प्रत्येक डावपेचाला नावे ठेवली गेली असती. यशाच्या हिशेबात नशिबाचा वाटा किती असतो, हे दाखविण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

अर्थशास्त्राच्या वर्गात अनिश्चिततेतील निर्णय हा विषय शिकविताना प्रस्तुत लेखक विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारतो. एका पिशवीत ७० पांढऱ्या व ३० काळ्या गोट्या आहेत. न पाहता एक गोटी काढावयाची आहे. रंग आधी सांगावयाचा आहे. एकाने पांढरा सांगितला, दुसऱ्याने काळा. निघाली काळी. यांपैकी शहाणा कोण? बहुतेक विद्यार्थी क्षणभर विचार करून पहिल्याचे नाव घेतात आणि ते योग्यच असते. दुसरा जिंकला, पण त्याची रीत चुकीची होती. हाच खेळ तो शंभर वेळा खेळेल तर तो भिकेस लागेल. निर्णय आणि निकाल या दोन भिन्न वस्तू आहेत. निर्णय घेणाऱ्याच्या हाती माहिती, पर्याय आणि तारतम्य एवढेच असते. निकालात या तिन्हींच्या जोडीला योगायोगही हात घालतो. एकाच निकालावरून निर्णयाची किंमत ठरविणे म्हणजे पिशवीतून निघालेल्या एका गोटीवरून अकलेची परीक्षा घेणे होय.

ही चूक केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळला जातो, त्यात चेंडू हातात घेऊन धावत अथवा सहकाऱ्याकडे फेकून प्रतिपक्षाची सीमारेषा ओलांडावयाची असते. आक्रमक संघाला एका टप्प्यात चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नात धावावयाचे की फेकावयाचे, हे ठरविण्यासाठी संघाजवळ एक स्वतंत्र प्रशिक्षक असतो. १ फेब्रुवारी २०१५ रोजी झालेल्या तेथील अंतिम सामन्यात सिॲटलचा संघ २४-२८ असा मागे होता. चेंडू सीमारेषेपासून एका यार्डावर होता, अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ उरला होता, आणि संघाकडे मार्शॉन लिंच हा दणकट धावपटू होता. साऱ्या जगाला वाटले, चेंडू त्याच्या हाती देतील. आक्रमणाचे सूत्रधार डॅरेल बेव्हेल यांनी चेंडू फेकण्याचा डाव योजला. न्यू इंग्लंड संघाच्या माल्कम बटलर या नवख्या खेळाडूने तो मधल्यामध्ये झेलला, आणि सामना संपल्यातच जमा झाला. या खेळाच्या इतिहासातील सर्वांत मूर्खपणाचा निर्णय, अशी त्याची संभावना दुसऱ्याच दिवशी झाली.

परंतु हिशेब करून पाहा. सिॲटलकडे खेळ थांबवून घेण्याची एकच संधी शिल्लक होती. धावण्याचा प्रयत्न अडवला गेला तर घड्याळ चालू राहते आणि ती संधी खर्चावी लागते; फेकलेला चेंडू नुसता जमिनीवर पडला तर घड्याळ आपोआप थांबते. म्हणजे मध्ये एकदा फेक योजली तर उरलेल्या सेकंदांत तीन प्रयत्न बसतात, केवळ धावण्यावर भिस्त ठेवली तर जेमतेम दोन. शिवाय त्या हंगामात एका यार्डावरून केलेल्या शंभराहून अधिक फेकींपैकी एकही तोपर्यंत प्रतिपक्षाने झेललेली नव्हती. निर्णयावर मतभेद होऊ शकतो. नेमकी तीच फेक, त्याच खेळाडूकडे हवी होती का, हा वाद रास्त आहे. पण या निर्णयामागे रीतच नव्हती असे म्हणणे हा अन्याय आहे.

आता पुन्हा आपल्या घरी येऊ. रीत आणि उत्तर यांतील हे अंतर ज्याच्या आयुष्यात पुरेपूर दिसते, असा एक मराठी माणूस आपल्या स्मरणात असावयास हवा. तो म्हणजे अजित वाडेकर.

फेब्रुवारी १९७१ मध्ये वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ वेस्ट इंडीजविरुद्ध किंग्स्टन येथे पहिली कसोटी खेळला. पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारताने दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांच्या बळावर ३८७ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर संपविला. आघाडी १७० धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन देण्यासाठी २०० धावांची आघाडी लागते. परंतु पहिला दिवस फुकट गेल्यामुळे नियमाने सामना चार दिवसांचा धरला जातो आणि १५० ची आघाडी पुरते, हे वाडेकरांना ठाऊक होते. गारफिल्ड सोबर्ससारख्या कर्णधारालाही फॉलोऑनचे वृत्त ऐकून आश्चर्य वाटले. निकाल काय लागला? सामना अनिर्णित. म्हणजे उत्तराच्या रकान्यात काहीच नाही. पण नियमाचे ज्ञान, परिस्थितीची जाण आणि बलाढ्य प्रतिपक्षाला फॉलोऑन देण्याचे धैर्य या तिन्ही बाबतींत तो निर्णय पूर्ण गुणांचा होता. पुढच्याच कसोटीत पोर्ट ऑफ स्पेन येथे भारताने वेस्ट इंडीजवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हल येथे इंग्लंडही नमले.

इंदूर येथे या विजयांच्या स्मरणार्थ काँक्रीटची एक भव्य बॅट उभारण्यात आली. ‘विजय बल्ला’ असे तिचे नाव. १९७४ च्या उन्हाळ्यात हाच वाडेकर इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या हरला, लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला, आणि संतप्त लोकांनी ती बॅट विद्रूप केली. मधल्या काळात सलग तीन मालिका जिंकून देणाऱ्या कर्णधाराला पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले आणि त्याने निवृत्ती पत्करली. तीन वर्षांपूर्वी ज्याला डोक्यावर घेतले त्याची बुद्धी तीन कसोट्यांत नाहीशी झाली होती काय? त्याला डोक्यावर घेतले तेही निकाल पाहून, आणि पायदळी तुडविले तेही निकाल पाहूनच. त्याची रीत कोणी तपासली नाही.

वाडेकरांची गोष्ट येथे संपत नाही. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंड येथे ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. सलामीच्या नवज्योत सिद्धूची मान आखडली होती. तरुण सचिन तेंडुलकरने सलामीला पाठविण्याची विनंती केली. वाडेकर आणि कर्णधार अझरुद्दीन यांनी ती मानली. त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा काढल्या आणि पुढे एकदिवसीय सामन्यांतील त्याच्या ४९ शतकांपैकी ४५ सलामीवीर म्हणून झाली. पण समजा, तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला असता तर? भरवशाच्या मधल्या फळीतील फलंदाजाचा बळी दिला म्हणून व्यवस्थापकांवर टीकेची झोड उठली असती. तरीही निर्णय योग्यच राहिला असता. लक्ष्य १४३ धावांचे, म्हणजे लहान होते. सुरुवातीच्या षटकांत क्षेत्ररक्षणावर निर्बंध होते. आणि उंच फटके मारण्याची ताकद त्या मुलाच्या अंगी होती. जोखीम कमी आणि लाभ मोठा, अशी ती वेळ होती.

मग निकालाला काहीच अर्थ नाही काय, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. एक निकाल थोडेच सांगतो, पण अनेक निकाल मिळून पुष्कळ सांगतात. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, आणि पुढे २०२२ मध्ये त्यांनी मध्य प्रदेशालाही तो मिळवून दिला. संघ बदलला, खेळाडू बदलले, तरी यश सोबत राहिले, तेव्हा ते रीतीचे यश मानण्यास आधार आहे. नशीब एका सामन्यात साथ देईल, हंगामामागून हंगाम देणार नाही. अर्थात, ही दीर्घ परीक्षा घ्यावयाची तर धीर हवा. पहिल्याच पराभवाला प्रशिक्षक बदलणाऱ्याला तो कोठून असणार?

सूत्रधाराचा न्याय करताना म्हणून चार प्रश्न विचारावेत. निर्णयाच्या क्षणी त्याला काय ठाऊक होते? त्याच्यापुढे दुसरे कोणते पर्याय होते? प्रत्येक पर्यायातील लाभहानीचा त्याने काही हिशेब मांडला होता काय? आणि तोच निर्णय शंभर वेळा घेतला तर अधिक वेळा तारेल की मारेल? आपल्या कार्यालयांत नस्तीवर टिपणी लिहिण्याची प्रथा आहे. त्या प्रथेची आपण थट्टा करतो. पण तिच्यात एक मोठे शहाणपण आहे. निकाल कळण्यापूर्वी कारणे लिहून ठेवली जातात. ती कारणे वाचून निवाडा करणारा अधिकारी न्यायी. केवळ नुकसानीचा आकडा पाहून मागाहून आक्षेप काढणारा सोयीचा शहाणा.

हा प्रश्न खेळापुरता असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. आपल्या जिल्ह्यातील धान उत्पादक दर पावसाळ्यात असाच डाव योजतो. पऱ्हे केव्हा टाकावे, रोवणी केव्हा धरावी, हलके धान घ्यावे की भारी, हे त्याला आभाळाकडे पाहून ठरवावे लागते. रोवणी झाल्यावर पाऊस दडी मारून बसला तर गाव त्याला घाईचा म्हणते. थांबला आणि हंगाम निसटला तर आळशी म्हणते. वर्गात नवी पद्धत वापरून पाहणारा शिक्षक, नियमाच्या चौकटीत राहून गरजूचे काम लवकर मार्गी लावणारा कारकून, मळलेली वाट सोडून वेगळा अभ्यासक्रम निवडणारा विद्यार्थी, या सर्वांची गत तीच. एका अपयशावरून माणसाला मूर्ख ठरविणाऱ्या समाजात शहाणी माणसे निर्णय घेणेच सोडून देतात. सर्वांनी केले तेच करावे, म्हणजे बुडालो तरी बोल लागत नाही, हे ती शिकतात. कर्णधार मळलेले डाव खेळतो, अधिकारी नस्ती पुढे ढकलतो, शेतकरी शेजाऱ्याकडे पाहून पेरतो. याची किंमत कोणत्याही धावफलकावर दिसत नाही, पण ती सर्वांनाच मोजावी लागते.

विदर्भाचा संघ पुढेही जिंकेल आणि हरेल. पुढच्या वेळी कर्णधाराच्या निर्णयाला नावे ठेवण्यापूर्वी, किंवा त्याला खांद्यावर घेण्यापूर्वीही, गणिताच्या आमच्या शिक्षकमित्रांनी आपली तांबडी पेन्सिल थोडी वर न्यावी. शेवटच्या ओळीतील उत्तर वाचण्याआधी रीत तपासावी. विद्यार्थ्याला आपण जो न्याय देतो, तोच मैदानावरच्या माणसालाही द्यावा, एवढेच मागणे आहे.