छोट्या मोटारीचे ब्रेक

भैंसा (२०१६ पासून निर्मल जिल्हा) येथील एका गृहस्थांनी, आपल्या जुन्या मारुती ८०० मोटारीस मोठ्या डिस्क बसवाव्यात काय, असे आम्हांस विचारले आहे. ७९६ घनसेंटिमीटरच्या या मोटारीस ब्रेक दाबताच चाके जागीच अडकून घसरत असतील, तर ब्रेकचे बळ पुरेसे आहे. उणीव टायरच्या पकडीत आहे. मोठी डिस्क उष्णता अधिक सोसते, परंतु गुळगुळीत टायरला पकड देत नाही. म्हणून प्रथम टायर बदलावेत. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. ते दर दोन वर्षांनी नवे घालावे. झिजलेले पॅड व शू वेळीच बदलावेत. वेग दुप्पट केल्यास, ब्रेक लागल्यावर थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते. तेव्हा मुलाबाळांसह निर्मलच्या महामार्गास लागताना मोटार बेताने हाकावी आणि मोठ्या डिस्कचा खर्च टाळावा, असा आमचा सल्ला आहे.