बंडखोर जेवतात कधी?

तात्या टोपे ज्या येवल्यात जन्मले, त्याच येवल्यात एका वक्त्यांनी नुकतंच सांगून टाकलं की बंड कसं करावं हे तात्यांकडून नव्हे, अवकाशपटांतल्या बंडखोरांकडून शिकावं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: 'स्टार वॉर्स'मधले बंडखोर एकदिलाने लढतात, शत्रूचं मर्म हेरतात आणि एका घावात साम्राज्य लोळवतात, तात्या मात्र नुसते पळत राहिले. टाळ्या पडल्या. तरुण पोरांना खूश करायला एवढं पुरतं.

एका घावात साम्राज्य लोळत नाही, हे खुद्द त्या चित्रपटांनाच ठाऊक आहे. १९७७ च्या चित्रपटात साम्राज्याचं महाअस्त्र 'डेथ स्टार' फुटतं आणि १९८० च्या चित्रपटात तेच साम्राज्य बंडखोरांना बर्फातल्या तळावरून हुसकावून लावतं. वक्त्यांनी बहुधा पहिलाच भाग पाहिला असावा.

पण घोडं पेंड खातं ते वेगळ्याच ठिकाणी. पहिल्या चित्रपटात जंगलातल्या जुन्या देवळांत बंडखोरांचा तळ. विमानं सज्ज, वैमानिक हजर, नकाशे झळकताहेत. पण इंधन कोण पुरवतं? पगार कोण देतं? या लोकांना आसरा दिला म्हणून कुणाच्या घरावर नांगर फिरला? बंडखोरांना पोट नसतं, अशी पहिल्या चित्रपटाची ठाम समजूत दिसते. शेवटी मोठा समारंभ होतो. राजकन्या दोघा वीरांच्या गळ्यात पदकं घालते, बरोबरीने लढलेला केसाळ च्यूबाका मात्र तसाच उभा राहतो, आणि तिथेच पडदा पडतो.

आता तात्यांचं ग्वाल्हेर पाहा. १ जून १८५८ ला शिंद्यांची फौज बंडवाल्यांना मिळाली, शिंदे आग्र्याकडे पळाले, शहर हाती आलं. ३ जूनला फुलबागेत दरबार भरला, मानपान झाले, खजिन्यातून शिपायांचे पगार चुकते झाले. सिनेमा असता तर इथेच संपला असता. पण १६ तारखेला इंग्रज सेनापती ह्यू रोज ग्वाल्हेरजवळच्या मोरारवर येऊन थडकला आणि चार दिवसांत किल्लाही गेला. समारंभानंतरचा पंधरवडा सिनेमावाल्यांना टाळता येतो. तात्यांना टाळता आला नाही.

वक्ते ज्याला पळणं म्हणतात ते त्यानंतरचे जवळजवळ दहा महिने. झालरापाटणला तात्यांनी तोफा आणि पैसा उभा केला. ऑक्टोबरमध्ये, मागावर इंग्रजांच्या तुकड्या असताना, नर्मदा ओलांडली. पेशव्यांचं निशाण दक्षिणेत आलं तर मराठी मुलूख पेटेल, याची इंग्रजांना धास्ती होती. मुलूख पेटला नाही. नागपूरकडे थारा मिळेना, तात्यांना पश्चिमेला वळावं लागलं. ज्यांच्या भरवशावर बंड केलं त्यांनीच दार लावून घेतलं, हा प्रसंग कुठल्या यानातून दाखवणार? पुढे नरवरच्या मानसिंगाने, जो स्वतःही शिंद्यांविरुद्ध बंडात उतरला होता, एप्रिल १८५९ मध्ये त्यांना पकडून दिलं. १८ एप्रिलला शिप्रीला फाशी. (फासावर गेले ते तात्या नव्हतेच, हा वाद इथे कुणी काढला की सकाळची संध्याकाळ होते. माझंही त्यावर मत आहे, पण आज ते गिळतो.)

वक्त्यांच्या 'तात्यांकडे ध्येय नव्हतं' या वाक्याला उत्तर देण्यात शाई घालवत नाही.

मग अवकाशपट टाकाऊ का? नाही. मनात आणलं तर त्यांना जमतं. २०१६ च्या 'रोग वन'मध्ये 'डेथ स्टार'चे नकाशे पळवून आणणारी टोळी त्याच मोहिमेत संपते. २०२२ पासूनच्या 'अँडॉर' मालिकेत तर बंडाचा पहिला मोठा पराक्रम म्हणजे पगाराची तिजोरी लुटणं, आणि एक प्रतिष्ठित बाई बंडाला पुरवलेल्या पैशांचा हिशेब लपवता लपवता स्वतःच्या मुलीचं लग्न पणाला लावते. हे पाहून तात्यांना ओळखीचं वाटलं असतं.

येवल्यात दुसरंही एक बंड झालं, बिनबंदुकीचं. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी इथे धर्मांतराची घोषणा केली. ती पुरी झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. मधल्या एकवीस वर्षांत परिषदा, निवडणुका, महाविद्यालय, राज्यघटना. यातली एक तरी समितीची बैठक पडद्यावर आणावी आणि प्रेक्षक खुर्चीत बसवून दाखवावा.